डाव्या स्पीकरचा खर्ज

रविवारी सकाळी, चहाचा दुसरा कप अर्धा व्हायच्या आत, त्याला वाटलं की खोली उजवीकडे कलली आहे. खोली कशाला कलतेय? तिसऱ्या मजल्यावरची, बावीस वर्षं जागच्या जागी असलेली खोली. कलला होता तो आवाज. तबकडी नेहमीची, खुर्ची नेहमीची, दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर, फरशीवर खडूने खुणा करून ठेवलेले. आणि तरी खालचे जाड सूर, ज्यांना तो खर्ज म्हणायचा आणि त्याची बायको 'तुमचं ते धुमधुम' म्हणायची, ते सगळेच्या सगळे उजव्या स्पीकरमधून येत होते. डावा वाजत होता, पण नुसता घशातून, पोटातून नाही. त्याने कप खाली ठेवला. मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे, श्वास धरून बसला, आणि चहा तसाच निवू दिला. आता एका स्पीकरचा आवाज बसला म्हणून चहा निवू देणाऱ्या माणसाला कुणीही वेड्यातच काढेल; पण दिला हे खरं.

"ऐक गं जरा," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "डावीकडचा खर्ज गेलाय."

बायको ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिने ऐकल्यासारखं केलं. "मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

"सारखे? ये, या खुर्चीत बस आणि सांग."

"गॅसवर दूध ठेवलंय," ती म्हणाली आणि वळली. जाता जाता थांबून एवढंच म्हणाली, "मागून बघितलंत का?"

"मागची वायर मागच्याच महिन्यात बदललीय."

ती दूध बघायला आत गेली.

तो वजनकाटे तपासणारा निरीक्षक होता. तीस वर्षं पितळी वजनांची मखमली पेटी घेऊन दुकानोदुकान फिरला होता. दुकानदार त्याला पाठीमागे ग्रॅमसाहेब म्हणत, कारण तो एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देत नसे. हे नाव त्याच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून त्याला ते आवडतही होतं. माणसाचा हात खोटं बोलतो, डोळा खोटं बोलतो, जीभ तर बोलतेच बोलते, काटा तेवढा खरा, हे तो नव्या लोकांना शिकवायचा. काट्याची एक जुनी परीक्षा आहे. दोन पारड्यांत माल आणि वजन ठेवून काटा मध्यावर आला, की दोघांची अदलाबदल करायची. तरीही मध्यावर राहिला तर काटा खरा. कलला तर दांडीत खोट आहे, आणि मग शोधलं की कुठेतरी पासंग सापडतो, पारड्याच्या तळाला चिकटवलेला शिशाचा तुकडा नाही तर दोरीत गुंडाळलेली तार. पासंग सापडला की दुकानदाराचा चेहरा उतरतो, आणि त्याला स्वतःला मात्र पोटभर जेवल्यासारखं वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, घाई करायची नाही. चोर आपण होऊन पुढे येतो.

त्याच शिस्तीने तो कामाला लागला. आधी अँप्लिफायरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. डावा पोकळच राहिला. म्हणजे अँप्लिफायर निर्दोष. सोमवारी कामावरून आल्यावर दोन्ही स्पीकरच उचलून एकाची जागा दुसऱ्याला दिली. पोकळपणा उजवीकडे गेला. म्हणजे खोलीचा कोपरा, दार, खिडकी, सगळं निर्दोष. मधेच एकदा त्याच्या मनात आलं की आपला कानच तर गेला नाही ना. मग खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. पोकळपणा दुसऱ्या कानाला आला. कान सुटला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती. स्पीकरकडे पाठ करून, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला नवरा म्हणजे बघण्यासारखंच दृश्य होतं. "रुसलात की काय त्यांच्यावर?" तिने विचारलं. तो हसला नाही. सगळे सुटले होते, आता एकच राहिला होता: डावा स्पीकर, ते तीन बाजूंनी चकचकीत लाकूड आणि समोर काळं कापड असलेलं खोकं, ज्याला त्याने बावीस वर्षांत कधी स्क्रू-ड्रायव्हर लावला नव्हता.

एवढी तगमग खर्जासाठी नव्हती, हे त्यालाही आतून ठाऊक होतं. स्पीकरच्या मागची भिंत म्हणजे पातळ पडदी होती, आणि पडदीपलीकडे आईची खोली. मांडीचं हाड मोडल्यानंतर आई तिथे अकरा महिने होती; आधी वॉकर धरून घरभर फिरायची, शेवटचे चार महिने खाटेवरच. तो संध्याकाळी सहाला घरी यायचा, तोंड धुवायचा, तिच्या दारात उभा राहायचा. "आई, लावू का?" "लाव की," आई म्हणायची. तो तबकडी लावायचा आणि खुर्चीत बसून पडदीकडे बघायचा. पडदीपलीकडे आई ऐकते आहे, दिवसभर छताकडे बघून कंटाळलेल्या तिच्या जिवाला आपण निदान एवढं तरी देतो आहोत, या विचाराने त्याला भरून यायचं. औषधं, अंघोळ, चादरी सगळं बायकोने केलं. तो ते नाकारत नव्हता. पण संगीत त्याने दिलं होतं. माणसाला रात्री झोप यायला उशीखाली काहीतरी लागतं, त्याच्या उशीखाली त्या अकरा महिन्यांच्या संध्याकाळी होत्या.

उशीखालचं ते खस्सकन ओढायला त्याची थोरली बहीण पुढे आली होती. आई गेली त्या आठवड्यात, घरात माणसं असताना, भांडी विसळता विसळता ताई म्हणाली, "तुझ्या त्या खोक्यांनी तिला सुखाने मरूही दिलं नाही." तो आधी गांगरला, मग संतापला. "आईला आवडायचं. आईला विचारायचं होतंस!" "आता विचारते," ताई म्हणाली होती. दोन वर्षं झाली, भाऊबहीण एकमेकांशी बोलले नव्हते. आणि आता येत्या शनिवारी ती येणार होती, आईची शिलाई मशीन न्यायला. फोन अर्थातच बायकोला आला होता, त्याला नाही. तेव्हापासून त्याने मनात एक बेत रचला होता. भांडायचं नाही. ताईला आईच्या खोलीत, आईच्या खाटेवर बसवायचं, तीच तबकडी, त्याच आवाजात लावायची, आणि विचारायचं, सांग, यात काय वाईट होतं? दोन वर्षांचा खटला एका तबकडीत निकालात निघाला असता. आणि नेमका साक्षीदारच आजारी पडला होता.

मंगळवार-बुधवार त्याचं कामात लक्ष नव्हतं. डाव्या बाजूचं काहीतरी जगातूनच कमी झालं आहे असं त्याला वाटत राहिलं. रस्त्याने चालताना डाव्या बुटाचा आवाज उजव्यापेक्षा हलका येत होता. जिन्यात त्याने दोनदा डावा पाय मुद्दाम आपटून बघितला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. एका किराणा दुकानात त्याने काटा तीनदा तपासला. तीनही वेळा त्याला तो उजवीकडे झुकल्यासारखा दिसला आणि तीनही वेळा आकडा बरोबर आला. शेवटी दुकानदारच चाचरत म्हणाला, "साहेब, काटा सरळच आहे. तुम्हीच जरा वाकून उभे आहात." आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. त्याने सही केली आणि बाहेर येऊन बराच वेळ एका बंद दुकानाच्या काचेत स्वतःकडे बघत उभा राहिला. वाकून उभा होता खरा.

गुरुवारी अर्धी रजा टाकून त्याने डावा स्पीकर चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान म्हणजे एक अरुंद बोळकांडंच, दोन्ही बाजूंना छतापर्यंत रेडिओंचे सांगाडे, आणि मध्ये डोक्याला दिवा बांधून बसलेला म्हातारा मेकॅनिक. म्हाताऱ्याने समोरचं कापड काढलं, आतल्या मोठ्या कागदी पडद्यावर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं, सोडलं, मीटर लावला, कसलासा सूर वाजवला, वर नेला, खाली आणला.

"माल ठणठणीत आहे," तो म्हणाला. "काय तक्रार म्हणालात?"

"बेस नाही. उजव्यात आहे, यात नाही."

"कधीपासून?"

"रविवारपासून."

म्हाताऱ्याने स्पीकर पाठमोरा केला. मागे मुठीएवढं गोल भोक असतं, खोक्यातली हवा त्यातून आत-बाहेर करते आणि खर्जाला जोर येतो, हे त्यालाही माहीत होतं. इतकं माहीत होतं की त्याकडे बघायचं कधी सुचलं नव्हतं. म्हाताऱ्याने भोकात दोन बोटं घातली, भुवया वर केल्या आणि काहीतरी ओढलं. सुरुवातीला एक दोऱ्याची मुदी, बोट अडकवायची कडी, बाहेर आली, मग तिच्यामागून, बाटलीचं बूच निघावं तसा, कापडाचा एक गच्च बोळा.

"काखेत कळसा!" म्हातारा खदखदून हसला. "नळाला चिंधी कोंबली तर पाणी येईल का साहेब? पोरंबाळं आहेत का घरात?"

"नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे, रविवारीच कुणीतरी—"

"हे रविवारचं नाही. धूळ बघा वरची. दोन-तीन वर्षं तरी." म्हाताऱ्याने बोळा दिव्याखाली धरला. "आणि ही चिंधी नाही हो. मापाने बेतून शिवलीय. बाईमाणसाचा हात आहे, आणि साधा हात नाही." मग त्याने डोक्यावरचा दिवा वर सरकवला. "उजव्यात पण असणार. असलं काम कुणी एकाच बाजूचं करत नाही."

"उजवा नीट वाजतोय."

"मग उजव्यातला रविवारी निघाला," म्हातारा म्हणाला. "बिघडला तो हा नाहीच. हा होता तसाच आहे. सुधारला तो दुसरा."

परतीच्या रिक्षात स्पीकर त्याच्या मांडीवर होता आणि बोळा त्याच्या मुठीत. उघडून बघायची गरज नव्हती. करड्या स्वेटरच्या बाहीचा तुकडा, आत कापूस, गोल तळ वेगळा कापून जोडलेला, आणि कडेने बारीक, एकसारखी, उलटी शिवण. शाळेचे गणवेश शिवून आईने त्याला आणि ताईला वाढवलं होतं. दिव्याजवळ मान वाकवून, दाताने दोरा तोडणारी आई त्याने हजार वेळा बघितली होती. या शिवणीसाठी त्याला कुणाची साक्ष नको होती. रिक्षा सिग्नलला थांबली आणि दोन वर्षं तो कार्यालयात गंमत म्हणून सांगत आलेली एक गोष्ट त्याला आठवली. आई वॉकर धरून फिरत होती तेव्हाची. एकदा जेवताना ती म्हणाली होती, "तुझं ते गाणं पोटात शिरतं रे. छातीत धडधडतं." दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या विभागातून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं, तबकडी लावली, आईच्या खाटेवर यंत्र ठेवलं आणि आकडा तिला दाखवला. "बघ. अडतीस. कुजबुजसुद्धा याच्या आसपास भरते. तुझ्या मनाचे खेळ आहेत." आईने चष्मा लावून आकडा वाचला होता. "अडतीस का," म्हणाली होती, "मग ठीक आहे." गोष्ट इथे संपायची आणि ऐकणारे हसायचे: ग्रॅमसाहेबांनी आईलासुद्धा सोडलं नाही! आणि आई गेल्यानंतर एका प्रशिक्षणात त्याने स्वतःच्या नीटनेटक्या अक्षरात वहीत उतरवून घेतलं होतं की हे यंत्र नेहमीच्या सेटिंगवर जाड आवाज फार कमी धरतं. ते कानासाठी केलेलं आहे, छातीसाठी नाही. लिहून घेतलं होतं आणि पान उलटलं होतं. तीस वर्षं लोकांचे खोटे काटे पकडणारा माणूस पट्टीने ताप मोजून आला होता, आणि वर आईकडून कबूलही करून घेतलं होतं.

घरी आला तेव्हा बायको शिलाई मशीन पुसत होती. त्याने बोळा मशीनवर ठेवला. तिने बघितलं, फडकं बाजूला ठेवलं, आणि मशीनच्या खणातून कागदात गुंडाळलेला दुसरा बोळा काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"तुम्ही तो आकडा दाखवलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईंनी शिवायला घेतले. तुम्ही कामावर गेल्यावर. वॉकर धरून दहा वेळा माप घ्यायला गेल्या." ती हसल्यासारखी झाली. "मुदी कशाला, विचारलं मी. म्हणाल्या, पाहुणे आले की काढायला. तो चार लोकांना हौसेने ऐकवतो, त्यांच्यासमोर त्याचं नाक खाली जायला नको."

पाहुणे येत तेव्हा स्पीकर जास्त रंगत, हे त्याच्या लक्षात आलेलं होतं. आपण खुशीत असतो म्हणून तसं वाटतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. स्वतःच्या कानाबद्दल त्याला केवढा अभिमान होता!

"आणि खाटेला लागल्यावर?"

"मग मी काढायची, मी घालायची."

"मला सांगायचं नाहीस?" त्याचा आवाज चढला. "इतका का मी राक्षस होतो?"

"राक्षस असता तर बरं झालं असतं, भांडले असते," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्ही आकडा आणला असता. मग मी काय बोलणार होते?"

तो मशीनच्या स्टुलावर बसला. दोन्ही बोळे सरळ रेषेत लावत त्याने विचारलं, "मग उजव्यातला आत्ताच का काढलास?"

"गेल्या शनिवारी ताईंचा फोन आला. मशीन पुसायला घेतली तेव्हा आठवलं, आईंनी शेवटचं शिवलं ते हे बोळेच. म्हटलं, एक ताईंना द्यावा. एक तुमचा, तो तिथेच ठेवला. तुम्ही चार दिवस गुडघ्यांवर रांगत होतात, दहा वेळा वाटलं सांगून टाकावं. पण म्हटलं, हे तरी स्वतः शोधू देत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. "सांगायला मला भीतीही वाटली. तुमच्याजवळ तेवढंच एक होतं."

तेवढंच एक होतं, हे तिलाही माहीत होतं तर. त्याला रडू यायला हवं होतं, पण आली ती एक कोरडी, विचित्र निकड. तो उठला, डावा स्पीकर खडूच्या खुणेवर ठेवला, वायर जोडली. दोन्ही भोकं आता मोकळी होती. तबकडी लावून त्याने आवाजाची कळ नेहमीच्या खुणेवर आणली, सुई वर धरली आणि बायकोला म्हणाला, "मी आत गेलो की सोड. दार लाव."

आईच्या खोलीतली लोखंडी खाट अजून तशीच होती, उशाकडची बाजू पडदीला टेकलेली. तो बुटांसकट आडवा झाला. आधी काहीच आलं नाही. मग आलं, पण ते त्याच्या ओळखीचं नव्हतं. पडदीने वरचे सगळे सूर गाळून पलीकडेच ठेवले होते. धून नव्हती, वाद्य नव्हतं, ज्यासाठी तो बावीस वर्षं त्या खुर्चीत बसत आला त्यातलं काहीही नव्हतं. उरलं होतं ते फक्त धुम, धुम, धुम, आणि ते कानांतून येतच नव्हतं. खाटेच्या गजातून पाठीच्या मणक्यात शिरत होतं, बरगड्यांखाली कुणीतरी आतून ठोकावं तसं. त्याने कूस बदलली. त्या कुशीवर दात वाजायला लागले. हाड मोडलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुन्हा उताणा होऊन छताकडे बघत राहिला. आईने त्याचं संगीत कधी ऐकलंच नव्हतं. रोज संध्याकाळी सहाला तो दारात येऊन हे तिच्या छातीत सोडत होता, आणि पलीकडे बसून त्याला भरून येत होतं. तो राहायचं ठरवून आला होता, निदान तबकडीची एक बाजू संपेपर्यंत. नाही राहता आलं. तो उठून बसला तेव्हा त्याचा हात सवयीने मनगटाकडे गेला होता आणि त्याने वेळ बघितली होती.

बाहेर येऊन त्याने सुई उचलली. बायकोने न विचारता फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे दोन-तीनदा घंटा वाजली.

"बोल गं, शनिवारी मी—" ताई बायकोलाच समजून बोलू लागली.

"ताई, मी बोलतोय."

 पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"आईच्या खाटेवर झोपून ऐकलं," तो म्हणाला. "आत्ता. तशाच आवाजात."

"किती वेळ?" ताईने विचारलं.

त्याच्या तोंडात अर्धा तास आलं होतं. तासभर म्हणाला असता तरी पडताळायला कुणी येणार नव्हतं.

"चार मिनिटं," तो म्हणाला.

 त्याने फोन ठेवला नाही, आणि तिनेही नाही.